तळाची मूठ

मेडशीच्या बसथांब्यावर उज्ज्वलाला बसलेली कुणी पाहिली नाही. सिमेंटचा बाक रिकामा असला तरी ती उभी. आणि उभी म्हणजे एका जागी नाही. पानटपरी ते फलक, फलक ते पानटपरी. एसटी येईपर्यंत तिच्या पन्नास फेऱ्या व्हायच्या. टपरीवाला गोपीचंद एकदा म्हणाला, "ताई, एवढ्या चालन्यात तं तू मालेगावले पोचली असती." ती हसली आणि अर्धी राहिलेली फेरी पूर्ण करायला वळली.

घरीही तेच. जेवण उभ्यानं, चहा अंगणात, दात घासताना गोठ्यापर्यंत जाऊन परत. आई प्रयागबाई पाहुण्यांना सांगायची, पोरीच्या पायाले भिंगरी हाय, लहानपणापासून. खरं तर ते लहानपणापासून नव्हतं. मागच्या सात वर्षांतलं होतं.

उज्ज्वला एकतीस वर्षांची. वाशिमच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची. आठवड्याचे चार दिवस वाशिम. गुरुवारी उलट्या दिशेला, अकोल्याला, धम्मरत्न सरांकडे. सर तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. मेडशी नेमकी दोन्हींच्या मध्ये. त्यामुळे तिचं आयुष्य एकाच रस्त्यावर, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला गेलं.

गावाला तिचा विषय एका शब्दात माहीत होता. थंडी. दौलतरावची पोरगी थंडीवर पीएचडी करून राह्यली. वाशिम जिल्ह्यात, जिथं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथं हे ऐकून कुणालाही हसू यायचं. कूलर बिघडला की शेजारचे तिला हाक मारायचे. दौलतराव मात्र ते मनावर घ्यायचे नाहीत. आठ एकर सोयाबीन-तुरीचा हा माणूस पारावर शांतपणे सांगायचा की पोरगी ज्या थंडीचं पाहते ती आपल्या फ्रीजमधली नाही. त्याच्याही लय खाली. तिथं अणू हलायचे थांबतात म्हणते.

हे बरंचसं बरोबर होतं. काही वायू इतके थंड करता येतात की त्यातले अणू आपापलं वेगळेपण सोडून देतात. लाखभर अणू एकाच चालीनं चालायला लागतात. मग एकेका अणूचं काय झालं हे विचारण्यात अर्थ उरत नाही. सगळा मिळून एक द्रव धरायचा. कुठं किती दाट आहे आणि कुठं कसा वाहतो आहे, एवढंच पाहायचं. धम्मरत्न सर आयुष्यभर हेच करत आले होते. उज्ज्वलाला त्यांनी त्यातला सगळ्यात अवघड तुकडा दिला होता. या द्रवापुढं भिंत घातली तर काय होतं?

साधं पाणी असतं तर उत्तर सोपं होतं. वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाण्यापेक्षा उंच असेल तर पाणी अलीकडंच राहतं. हा द्रव राहत नाही. त्याचा थोडा भाग पलीकडं सापडतो. धुरा फुटलेला नसतो, त्याला बीळ पडलेलं नसतं, वरूनही पाणी गेलेलं नसतं. पुस्तकं या प्रकाराला बोगदा म्हणतात. उज्ज्वलाला तो शब्द कधी आवडला नाही. बोगदा कुणीतरी खणावा लागतो. इथं कुणी काही खणत नाही.

द्रवाच्या भाषेत हीच गोष्ट वेगळी दिसते, आणि त्या दिसण्यावर ती एम.एस्सी.ला असतानाच भाळली होती. द्रव भिंतीपाशी आला की त्याची दाटी एकदम बदलते. इथं गच्च, दोन बोटं पुढं विरळ. दाटीच्या या एकदम बदलण्यातूनच एक जोर तयार होतो. साध्या पाण्यात तो नसतो. तो द्रवाच्या पुढच्या काठाला आतूनच उचल देतो, आणि काठाचा जरासा भाग भिंत नसल्यासारखा पुढं सरकतो. बाहेरून कुणी ढकलत नाही. द्रव स्वतःच्याच दाटीनं स्वतःला पुढं लोटतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती वाचनालयातून उठून बाहेर गेली होती आणि सायकल स्टँडला दोन चकरा मारून आली होती. भिंगरी तेव्हापासूनची.

अडचण एका जागी होती. त्या जोराच्या सूत्रात दाटी भागाकाराच्या रेघेखाली येते. भिंतीपलीकडं सुरुवातीला द्रव नसतोच. दाटी शून्य. शून्यानं भागायला सांगितलं की संगणक हात वर करतो. पहिलं वर्ष तिचं यातच गेलं. अंगणातल्या खाटेवर लॅपटॉप, शेजारी तुरीचं पोतं, पंख्याची घरघर, आणि चार तास चालून मध्येच मेलेला हिशेब. प्रयागबाई विचारायची, मेला का? ती म्हणायची, मेला. मग दोघी चहा घ्यायच्या.

एका संध्याकाळी तिनं प्रोग्रामात एक ओळ घातली. जिथं जिथं दाटी अगदीच शून्याला टेकते, तिथं शून्य राहू द्यायचं नाही. चिमूटभर ठेवायचं. इतकं कमी की कुणाच्या डोळ्यांत भरू नये. हिशेबाच्या दर पावलाला संगणकानं सगळीकडं पाहावं आणि जिथं तळ लागला असेल तिथं ती चिमूट टाकून पुढं जावं. अशा ओळीशेजारी आपल्यासाठी एक शेरा लिहून ठेवायची पद्धत असते. तिनं लिहिलं: कोठी झाडू नये.

हे तिच्या घरातलं होतं. घरात गव्हाची पत्र्याची उंच कोठी होती. वरून धान्य भरायचं, खालच्या तोंडातून काढायचं. वर्षअखेरी कोठी संपत आली की प्रयागबाई शेवटचा गहू काढताना हात आखडायची. मूठभर तळाला राहिलाच पाहिजे. कोठी पुरती रिकामी केली तर घरातला दाणा उठून जातो, असं तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. त्या मुठीवर नवा गहू पडायचा. उज्ज्वलानं लहानपणी कितीदा खालच्या तोंडात हात घातला होता आणि आईनं मनगट धरलं होतं. राहू दे तेवढा. त्यामुळे ती ओळ लिहिताना तिला आपण काही युक्ती करतो आहोत असं वाटलंच नाही. घरात जसं करतात तसं केलं.

हिशेब मरायचा थांबला. त्या दिवशी प्रयागबाईनं शिरा केला होता.

पुढं सहा वर्षं त्या ओळीकडं कुणी वळून पाहिलं नाही. आणखी एक छोटी ओळ तिच्या जोडीला आली. चिमटी टाकून टाकून एकूण द्रव थोडा वाढायचा. मग संगणकानं सगळीकडून सारख्या प्रमाणात छाटून बेरीज पूर्ववत करावी. तेही रीतसर वाटलं.

आणि मग पाझर दिसला. भिंत जाड केली तरी पलीकडचा द्रव फारसा कमी होईना. पुस्तकांप्रमाणं भिंत दुप्पट केली की पलीकडं जवळजवळ काही उरायला नको. तिच्या हिशेबात उरत होतं. तिनं महिनाभर ते तपासलं. दर वेळी तेच. धम्मरत्न सरांना दाखवलं. सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आलेखाकडं पाहत राहिले. मग म्हणाले की हे द्रवाचं आपलं काहीतरी आहे, पुस्तकांतल्या लाटेच्या भाषेत हे दिसलं नसतं. ते चौथं प्रकरण झालं. प्रबंधाचा जीवच त्या प्रकरणात होता. आधीची तीन त्याची तयारी आणि पाचवं त्याचा निष्कर्ष.

यंदा तो प्रबंध पुरा झाला. नोंदणीची मुदत एकतीस ऑगस्टपर्यंत. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. वाशिमच्या महाविद्यालयात बारा वर्षांनी पदार्थविज्ञानाची एक कायम जागा निघाली होती, सप्टेंबरात मुलाखत, आणि पीएचडीचा प्रबंध दाखल असल्याचा कागद सोबत हवा होता. अकोल्याच्या बायंडरकडं पाच प्रती गेल्या. लाल कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. उरलं होतं ते सह्या आणि विद्यापीठाची खिडकी.

ऑगस्टचा पहिला रविवार होता. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं. प्रयागबाई दळणाला गहू काढायला बसली आणि परातीत पडलेला गहू चालायला लागला. सोंडे. काळे, बारीक, शेकड्यानं.

घरात कोर्ट भरलं. प्रयागबाईनं पहिला आरोप मुन्नावर ठेवला. मुन्ना उज्ज्वलाचा धाकटा भाऊ, लग्न झालेला, शेती आता तोच पाहायचा. एप्रिलमध्ये गहू वाळवायला सांगितला तेव्हा हा मोबाईलवर होता. मुन्ना म्हणाला, तीन उन्हं दिली, पाहिजे तर सूर्याले विचार. मग आरोप कडुलिंबाच्या पाल्यावर गेला, मग बारदान्यावर. दौलतराव खाटेवर पडून ऐकत होते.

उज्ज्वला अंगणात फेऱ्या मारत होती. लॅपटॉप बंद होता. मुदतीला चार आठवडे होते आणि तिच्याकडं करण्यासारखं काही नव्हतं. तिला ते सोसत नव्हतं. तिनं पदर खोचला आणि कोठीवर चढली. वरच्या तोंडातून हात खोल घालून गहू काढला. स्वच्छ. दाणा न् दाणा टपोरा, एकही किडा नाही. खाली उतरून खालच्या तोंडातून काढला. नुसते सोंडे.

"वरून नाही आले," ती म्हणाली. "खालून वर चालले."

सगळी कोठी मोकळी करायची ठरली. मुन्नानं ताडपत्री आंथरली. टोपलीमागून टोपली गहू बाहेर आला. तळाला गेल्यावर मुन्नानं कोठी आडवी केली आणि आत शिरून हातानं खरवडलं. मागच्या कोपऱ्यातून ढेकूळ निघालं. काळपट, पोकळ दाणे, जाळी, पिठूळ भुगा. दौलतराव उठून आले. त्यांनी त्यातले चार दाणे तळहातावर घासले, फुंकले आणि उन्हात धरले.

"हा यंदाचा नोहे," ते म्हणाले. "हा लोकवन हाय. लोकवन पेरून आपल्याले चार वर्सं झाले."

प्रयागबाईनं परात बाजूला सारली. मूठ तिची होती.

उज्ज्वला थांबली. फेरी मारता मारता थांबली, एक पाय पुढं तसाच. मुन्नाला वाटलं पायात काटा गेला. ती वडिलांच्या तळहाताकडं पाहत होती. चार दाणे. वडिलांना दाणा ओळखता आला म्हणून तो कुठला ते कळलं. नाहीतर गव्हात गहूच होता.

तिच्या द्रवाला असं ओळखणारं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडं जो सापडला तो अलीकडूनच आला, हे तिनं धरून चाललं होतं. सहा वर्षं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

ती घरात गेली आणि लॅपटॉप लावला. प्रोग्रामात भिंतीच्या उंचीचा आकडा होता. तिनं तो इतका वाढवला की त्या भिंतीतून काही म्हणजे काही जाऊ शकणार नाही. देवानं ठरवलं तरी नाही. पलीकडं शेवटपर्यंत कोरडं राहायला हवं. हिशेबाला चार तास लागणार होते.

ते चार तास घरातल्यांनी नंतर बरेच दिवस सांगितले. ती अंगणातून आत आणि आतून अंगणात करत राहिली. गहू निवडायला बसली आणि उठली. ताडपत्रीवरचा गहू दोनदा उलथला, तिसऱ्यांदा उलथायला गेली तेव्हा प्रयागबाईनं टोपली काढून घेतली. जेवायला नको म्हणाली. गोठ्यातल्या गाईला पाणी दाखवलं, गाईनं तोंड फिरवलं, पाच मिनिटांनी पुन्हा दाखवलं. मुन्ना बायकोला हळूच म्हणाला की ताईले सोंड्यायचा एवढा धसका कायले बसला?

साडेचारला आकडा आला. भिंतीपलीकडं द्रव होता. पूर्वीइतकाच. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत तोच.

ती मग बसली. खाटेच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून. तिला सगळं एकदम दिसलं, आणि ते किती साधं होतं त्याचीच लाज वाटली. दर पावलाला संगणक पलीकडं चिमूट टाकत होता. टाकून झाल्यावर बेरीज जुळवायला सगळीकडून छाटत होता, आणि गच्च दाटी अलीकडं असल्यानं छाटलं जात होतं ते अलीकडूनच. थोडं इकडचं काढायचं, थोडं तिकडं टाकायचं, लाखो वेळा. पाझर नव्हताच. भिंत कुणी ओलांडली नव्हती. तिनंच इकडून उचलून तिकडं ठेवलं होतं, आणि ठेवलं ते इतक्या हलक्या हातानं की स्वतःलाही कळलं नव्हतं.

प्रयागबाईनं विचारलं, मेला का?

"नाही मेला, माय," ती म्हणाली. "मरायले पायजे होता."

सोमवारी तिनं वाशिमचे तास कळवून रद्द केले आणि अकोल्याची बस धरली. थांब्यावर फेऱ्या झाल्या, पण गोपीचंदनं त्या दिवशी थट्टा केली नाही. नंतर तो म्हणाला, तिचा चेहरा पाहून पानाला चुना लावायचा राहिला होता.

धम्मरत्न सर डिसेंबरात निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीतली पुस्तकं अर्धी खोक्यांत गेली होती. तिनं सगळं सांगितलं, उभ्यानं. सरांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. भिंत पूर्ण बंद होती, नक्की? ती म्हणाली, नक्की. सरांनी तिच्याकडून लॅपटॉप घेतला, ती ओळ पाहिली, शेजारचा शेरा वाचला. कोठी झाडू नये. ते जरासे हसले. त्यांच्या आईच्या कोठीतही मूठ राहायची, असं म्हणाले.

मग त्यांनी तिला समजावलं. आवाज चढवला नाही. तळाला काहीतरी टाकणं ही सगळ्यांची रीत आहे, नुसती तिची नाही. एक तळटीप द्यावी की पाझराचा काही भाग हिशेबाच्या पद्धतीमुळं असू शकतो. प्रबंध दाखल करावा. मुलाखत द्यावी. पुढं निवांतपणे दुरुस्त करावं. मुदतवाढीची समिती आता फेब्रुवारीत बसेल, तोवर ते इथं नसतील, जागा भरलेली असेल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती ऐकत होती आणि खोलीत खोक्यांच्या मधून येरझारा घालत होती.

"काही भाग नाही सर," ती म्हणाली. "सगळाच."

सरांनी एक खोकं पायानं बाजूला सरकवलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "परीक्षकांना कळणार नाही, उज्ज्वला."

बोलून झाल्यावर ते तिच्याकडं पाहीनात. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे वाक्य कुणाला म्हटलं नसावं. ते आता कुठून आलं हे त्यांनाही उमगलं नसावं. सरांशी ती नेहमी पुस्तकी मराठीत बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून घरची बोली गेली.

"मले कळलं ना, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं विचारलं की चहा घेणार का. दोघांनी चहा घेतला. चहा संपल्यावर सर म्हणाले की मुदतवाढीच्या अर्जावर त्यांची शिफारस हवी असेल, तर ती ते आजच लिहून देतात, आणि निवृत्तीनंतर घरचा पत्ता बदलणार नाही. बाहेर पडताना त्यांनी तिला दारातून परत बोलावलं. ही चूक लिहून काढ, म्हणाले. नीट लिही. माझ्याही नजरेतून सुटली, तेही लिही.

बायंडरकडं पाच प्रती तयार होत्या. त्या तिथं सोडून येणं तिला जमलं नाही. दोन पिशव्यांत भरून ती बसमध्ये चढली. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशव्या मांडीवर घेऊन ती बसली. पातूरचा घाट आला, गेला. ती हलली नाही. हलायला जागाच नव्हती. कंडक्टरनं विचारलं, लग्नाच्या पत्रिका का? ती म्हणाली, हो.

घरी तिनं आधी वडिलांना सांगितलं. यंदा होणार नाही. जागाही जाईल. दौलतरावांनी कारण विचारलं. तिनं सांगितलं की भिंतीपलीकडं जो माल दाखवला तो लोकवन निघाला. ते समजायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांनी मान हलवली. नंतर पारावर कुणी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरीनं आपला चोर आपनच पकडला."

प्रयागबाईला मात्र ते पचलं नाही. तिला वाटलं की तिच्या मुठीनं पोरीचं नुकसान केलं. दोन दिवस ती कोठीजवळ गेली नाही. धुऊन, पुसून, उन्हात तापवलेली कोठी अंगणात तोंड वासून उभी होती. उज्ज्वला म्हणाली, आता भर. आई भरेना. सोंड्यांना परत घर करून द्यायचं नव्हतं, आणि पुरत्या कोऱ्या कोठीत धान्य ओतायला हात उठत नव्हता. बुधवारी सकाळी तिनं स्वच्छ निवडलेला मूठभर गहू चिंधीत बांधला आणि ती पुरचुंडी कोठीच्या झाकणाच्या कडीला बाहेरून लटकवली. मग मुन्नाला हाक मारली, ओत म्हणाली.

"कोठी रिकामी बी नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "अन् गव्हाले लागत बी नाही."

उज्ज्वलानं ते पाहिलं आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेली. वाशिमला तीन तास शिकवले. परतीच्या बसमध्ये, मालेगावच्या पुढं कुठंतरी, ती उभी राहिली. मेडशी यायला अजून बराच वेळ होता. कंडक्टर म्हणाला, बसा ना मॅडम. ती दाराजवळच्या दांड्याला धरून उभीच राहिली.

चिमूट द्रवात टाकायची गरजच नव्हती. संगणक अडत होता भागाकारापाशी. मग ती चिमूट भागाकाराच्या रेघेखाली ठेवायची, तिथंच, बाहेर. द्रवाला हात लावायचा नाही. जिथं काही नाही तिथं काही नाहीच राहू द्यायचं.

घरी पोचताच तिनं ती ओळ खोडली. शेराही खोडला. नवी ओळ घातली. छाटणीची ओळ आता लागतच नव्हती, बेरीज आपली आपण जुळत होती. बंद भिंतीचा हिशेब लावला. पलीकडं शून्य. शेवटच्या घरापर्यंत शून्य. मग खरी भिंत घातली. थोडं गेलं. भिंत दुप्पट केली, जवळजवळ काही उरलं नाही. म्हणजे पुस्तकात होतं तेच. नवं काही नव्हतं. सात वर्षं चालून ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर आली होती, एवढंच की आता ते पान खरं आहे हे तिला स्वतःच्या हातानं माहीत होतं.

एकतीस ऑगस्ट रविवार होता, म्हणून ती एकोणतीसलाच विद्यापीठाच्या खिडकीवर गेली. प्रबंध नव्हता, मुदतवाढीचा अर्ज होता. त्यात कारणाचा रकाना असतो. लोक तिथं आजारपण लिहितात किंवा घरगुती अडचण. तिनं लिहिलं होतं: चौथ्या प्रकरणातील पाझर खरा नाही. तो मी लिहिलेल्या एका ओळीमुळे दिसत होता. प्रकरण पुन्हा लिहीत आहे. खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं. त्या कळवळ्यानं म्हणाल्या की असं लिहिलं तर समिती शंभर प्रश्न विचारेल, त्यापेक्षा वैयक्तिक कारण लिहा, मी कोरा फॉर्म देते. उज्ज्वलानं मान हलवली. बाईंनी शिक्का मारला. उत्तर फेब्रुवारीत.

वाशिमची मुलाखत सप्टेंबरात झाली. ती त्या दिवशी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, बी.एस्सी.च्या पोरांना शिकवत होती. खाली उमेदवारांच्या चपला दिसत होत्या. एका मुलानं सांगितलं की त्या तासाला मॅडम फळ्यापासून दारापर्यंत इतक्या चालल्या की मागच्या बाकावरच्यांनी पैज लावली होती.

आता ती चौथं प्रकरण पुन्हा लिहिते आहे. त्याचं नाव बदललं आहे. आधी ते पाझराबद्दल होतं, आता खोटा पाझर कसा तयार होतो याबद्दल आहे. दर गुरुवारी अकोला चालूच आहे. सर म्हणतात की हे छोटं काम आहे, पण असा पाझर आणखी दोघांच्या लेखात त्यांना दिसला आहे. सरांनी त्या दोघांना पत्रं लिहिली आहेत. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं विचारलं आहे की तुम्ही हे पकडलं कसं. त्याला काय लिहावं हे सरांचं आणि उज्ज्वलाचं अजून ठरत नाही.

लाल पुठ्ठ्याच्या पाचही प्रती माळ्यावर आहेत. प्रयागबाईनं त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोयाबीन काढणीला आलं होतं आणि मुन्ना मजूर शोधत फिरत होता. अंगणात लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. सगळ्यात पातळ भिंतीचा, सगळ्यात लांबचा हिशेब, चौदा तासांचा. उज्ज्वला गोठा ते तुळस, तुळस ते गोठा करत होती. दुपारी तीनच्या सुमाराला पंख्याचा आवाज बसला. प्रयागबाईनं सूप खाली ठेवलं आणि नेहमीचं विचारलं.

उज्ज्वला वाकून पडद्यावर पाहत होती. तिनं वहीत एक आकडा लिहिला, परत पडद्यावर पाहिलं, आकडा पुन्हा वाचला.

"गेले," ती म्हणाली. "दहा लाखांतले तीन."

"बस, तीनच?"

"तीनच. पन इकडूनच गेले, माय."

मग तिनं भिंत केसभर जाड केली, हिशेब परत लावला, आणि गोठ्याकडं चालायला लागली.